अर्ध्या तिकिटात दोघी

"आत्या, चल, औरंगाबादला जाऊन येऊ," म्हटलं, तर तिनं हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"काहून? कोण ॲडमिट हाय?"

"कुणी नाही."

"मग कोर्टाचं काही निघालं का पुन्हा?"

"नाही गं. असंच. बघायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. आत्या शहात्तरची आहे. पंढरपूर, तुळजापूर, माहूर, आळंदी सगळं झालंय तिचं. देवाला जायचं, लग्नाला जायचं, मयतीला जायचं, हे तिला कळतं. औरंगाबादला मात्र माणूस कामानं जातो, आणि काम म्हणजे बहुतेक वेळा संकट.

तिचं काही चुकलं नव्हतं. परभणी-हिंगोलीकडचा माणूस त्या शहरात उतरतो तेव्हा त्याच्या काखेत फाइल असते. प्लास्टिकची, बटणाची, आत झेरॉक्सचा गठ्ठा. 1958 पासून विद्यापीठ तिथं, 1981 पासून हायकोर्टाचं खंडपीठ तिथं, विभागीय आयुक्त तिथं, आणि घाटी तिथं. घाटी म्हणजे मोठा सरकारी दवाखाना. आमच्याकडं "घाटीला नेलंय" एवढंच म्हणतात, बाकीचं ऐकणारा समजून घेतो. काम झालं की लोक स्टँडवर येतात, वडापाव खातात आणि मिळेल ती गाडी धरतात. मी स्वतः सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला तीनदा गेले. तीन खेपांत मिळून मी त्या शहराचे तीन बाक पाहिले. आणि मी शिकवते काय, तर इतिहास.

नावाचं आधीच सांगते. एसटीच्या पाटीवर आणि सरकारी कागदावर 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. आत्याच्या तोंडी औरंगाबाद. त्याच्याही आधी, 1610 मध्ये मलिक अंबरनं गाव वसवलं तेव्हा खडकी. मी समोर कोण आहे ते बघून नाव घेते, आणि या लेखात शक्य तिथं नुसतं "शहर" म्हणून वेळ मारून नेणार आहे.

तर, पैसे. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि पैसे कधी ते विचारायचं नाही. जानेवारीत तीन महिन्यांचं मानधन एकदम खात्यावर पडलं. किराणा, दूध, लेकीच्या क्लासची फी असं सगळं वजा करून दोन हजार बाजूला काढले. दोघींना, दोन रात्री. जमलं तर ठीक, नाही तर नाही.

जमायचं एक मोठं कारण एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून एसटी फुकट. म्हणजे परभणीहून आम्ही दोघी मिळून अर्ध्या तिकिटात. आत्या यात आता तरबेज आहे. कंडक्टर यायच्या आधीच तिनं आधार कार्ड काढून मांडीवर ठेवलं होतं, लॅमिनेट केलेलं, कडेला हळदीचे डाग. कंडक्टरनं मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं, तिनं ते चार घड्या घालून बटव्यात ठेवलं आणि त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. "गोड बोला," ती म्हणाली. तो कंडक्टर जालन्यापर्यंत खरोखरच गोड बोलला.

दुसरं कारण शिदोरी. आत्यानं पहाटे चारला उठून धपाटे केले होते. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, थोडं बेसन, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा. त्याशिवाय दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एका स्टीलच्या डब्यात घट्ट दही. ज्या पिशवीत एरवी फाइल असते त्या पिशवीत हे सगळं होतं. वजन जवळपास तेवढंच.

राहायचं कुठं, यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण जालना रोडला माझी मावसबहीण राहते. पाहुण्यांकडं राहणं फुकट असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी हिशेब केलेला नसतो. जाताना पेढ्यांचा पुडा. लेकरांच्या हातावर पन्नास-पन्नास. निघताना तिनं आत्याला लुगडं नेसवायचं म्हणजे आपणही तिला ब्लाउजपीस द्यायचा. वर अर्धा दिवस "अजून एक घ्या" आणि "नको, नको" यात जातो, आणि शहर तसंच राहतं. (ताई, हे वाचत असशील तर रागावू नको. पुढच्या वेळी येतो.) म्हणून स्टँडच्या मागच्या एका लॉजवर उतरलो. दिवसाला पाचशे. उशीला डांबराच्या गोळीचा वास होता आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर. गरम पाण्याची बादली हवी तर वीस रुपये वेगळे.

"पाण्याला पैसे?" आत्या म्हणाली, आणि जानेवारीच्या थंडीत दोन्ही दिवस गार पाण्यानं अंघोळ केली. मी केली नाही. माझे चाळीस रुपये गेले. ते वहीत लिहिले आहेत.

वही म्हणजे पाठकोऱ्या कागदांची. सगळा खर्च तिच्यात लिहायचा असं ठरलं होतं. नोटा माझ्या पर्समध्ये, सुट्टे पैसे आत्याच्या बटव्यात.

दुपारी बाहेर पडलो. रिक्षावाल्यानं पाणचक्कीचे दीडशे सांगितले. आत्यानं त्याला शांतपणे विचारलं, "रिक्षा विकायलास का?" तो हसला, आम्हीही हसलो, आणि शेअर रिक्षात बसून भडकल दरवाजापाशी उतरलो. हा दरवाजा मलिक अंबरनं 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. हबशी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा कारभारी होतो आणि एक शहर वसवतो. वर्गात हे सांगताना माझा आवाज नेहमी एक पट्टी वर जातो. दरवाजाखाली उभी राहून आत्याला सांगायला लागले तर तिला तिथं झालेल्या सावलीत जास्त रस होता. "दरवाजा मोठा हाय, पण ओटा पायजे होता," ती म्हणाली. या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यातल्या एकालाही शहात्तर वर्षांच्या बाईला टेकायला जागा ठेवलेली नाही, हे खरंच.

तिथून पाणचक्कीच्या रस्त्यानं निघालो. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून चालायचं थोडं आणि बसायचं जास्त. पानटपरीचा बाक, बंद दुकानाची पायरी, झाडाचा पार. एरवी मी तरातरा गेले असते. घाटीच्या आवाराशी आलो आणि आत्या न सांगताच थांबली.

तिनं भिंतीवरून आत बघितलं. मग म्हणाली, "इथं लिंब होता."

तीस वर्षांपूर्वी आमचे मामा, म्हणजे आत्याचे मालक, पोटाच्या ऑपरेशनसाठी इथं होते. सतरा दिवस. आत्या खाली व्हरांड्यात चटईवर. मामा बरे झाले, पुढं अकरा वर्षं जगले, शेवटपर्यंत बिड्या ओढल्या. पण त्या सतरा दिवसांत आत्यानं या शहरात काय पाहिलं ते मी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं. एक लिंब. एक नळ, त्याला सकाळी रांग. कोपऱ्यावरचा चहावाला, तो तिला उरलेलं दूध द्यायचा. आणि भिंत.

"आणि पलीकडं काय हाय ते कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मीबी इचारलं न्हाई."

पलीकडं, तिच्या चालीनंसुद्धा पंधरा-वीस मिनिटांवर, पाणचक्की होती.

पाणचक्कीचं मी पुस्तकातून पुष्कळ सांगितलंय. बाबा शाह मुसाफिर या सूफी फकिराचा दर्गा, तिथल्या यात्रेकरूंना आणि फकिरांना रोजची भाकरी लागायची, त्यासाठी पाण्यावर चालणारी चक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलेलं. मध्ये कुठंही मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाण्याचा स्वतःचा उतार आणि स्वतःचाच दाब. शेवटी ते एका उंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात पडतं. मलिक अंबरनंही त्याच्या खडकीला असंच डोंगरातलं पाणी नहरीनं आणलं होतं. हे सगळं मी फळ्यावर बाण काढून समजावते.

पण प्रत्यक्ष त्या हौदाच्या काठावर बसल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही. पाण्याची धार उन्हाळा जवळ आल्यासारखी बारीक होती, तरी आवाज होता. हौदात मासे होते. एका पोरानं मुरमुरे टाकले की पाण्याचा तेवढा भाग उकळल्यासारखा व्हायचा. वडाचं झाड एवढं मोठं की खालची फरशी दुपारीही गार. आम्ही दीड तास बसलो. वक्फ बोर्डाचं किरकोळ तिकीट काढलं होतं, तेवढ्यावर दीड तास. धपाटे आणि दही तिथंच खाल्लं. शेजारी बुरख्यातल्या तिघी बायका होत्या, आत्यानं त्यांच्याकडं डबा सरकवला. एकीनं धपाटं मोडून खाल्लं आणि विचारलं, "तिल डाले क्या अम्मा?" पुढची वीस मिनिटं दोघींनी आपापल्या भाषेत ज्वारीच्या पिठावर बोलणं केलं. आत्याला हिंदी येत नाही आणि तिला मराठी पुरतं येत नव्हतं, पण पीठ कसं मळायचं ते हातांनी सांगता येतं.

मग आम्ही चक्की बघायला गेलो. खोली लहान आहे, गर्दी असली की पुढच्याच्या खांद्यावरून बघावं लागतं. आत्या मात्र वाट काढून पुढं गेली. दगडी तळी, तिच्या मधोमध दाणे घालायचं तोंड. खाली पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो, उभी दांडी फिरते आणि तिच्याबरोबर वरची तळी. आत्या वाकून वाकून खुंटा शोधत होती.

"धरायला काही न्हाई," ती म्हणाली.

"लागतच नाही. पाणी फिरवतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं. सासरी अकरा माणसं, पिठाची गिरणी दोन कोसांवर, म्हणून पहाटे तीनला जातं. तिच्या उजव्या तळहाताला अजून एक घट्टा आहे, अंगठ्याच्या मुळाशी, तांबूस आणि गुळगुळीत. लहानपणी मी तो बोटानं दाबून बघायचे. आता तिनं तोच अंगठा दुसऱ्या हातानं चोळला.

"असं जातं निघालं होतं आन् आमाला कुणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. दिवसात दुसऱ्यांदा.

बाहेर आल्यावर ती एक ओवी गुणगुणायला लागली. पहिली ओळ आली, दुसरी आठवेना. मकबऱ्यापर्यंत ती दुसरी ओळ शोधत होती.

मकबऱ्याचं तिकीट पंचवीस रुपये. दोघींचे पन्नास, हा आमचा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा प्रवेश-खर्च. बीबी का मकबऱ्याला लोक "गरिबाचा ताजमहाल" म्हणतात, तेही जरा नाक मुरडून. मला त्याचा राग येतो. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. तिचा मृत्यू 1657 मधला. मुलगा आझमशहानं आईसाठी बांधला असं सांगतात, पण इमारत पुरी झाली तेव्हा ते पोर सात-आठ वर्षांचं होतं, तेव्हा पैसे कुणाचे ते उघड आहे. बांधणारा अताउल्ला, ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. त्याचं आणि हंसपत राय या माणसाचं नाव मुख्य दरवाजावर कोरलेलं आहे. म्हणजे बापानं आग्र्याला हात सैल सोडून बांधलं आणि पोराला इथं बजेट मिळालं.

बजेटचा आकडाही जुन्या तवारिखेत आहे. 6,68,203 रुपये आणि 7 आणे. ताजला 3 कोटी 20 लाख लागले म्हणतात. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "सात आणे कुणाचे राहिले होते?"

इतकी वर्षं मी हा आकडा शिकवतेय, हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नाही. मलाही पडला नाही.

"असतील कुणा पखालवाल्याचे," मी म्हटलं.

"दिले असतील ना पण?"

"लिहून ठेवलेत म्हणजे दिले असतील."

तिचं समाधान झालं. मग ती भिंतीपाशी गेली आणि तिनं हात लावून बघितलं, जसं लुगड्याच्या दुकानात बघते. खाली संगमरवर. तो राजस्थानाकडून आणलेला. तावेर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना वाटेत संगमरवराच्या तीनशे गाड्या पाहिल्या, लहानात लहान गाडीला बारा बैल. एवढं करूनही पुरला नाही, किंवा पुरवायचा नव्हता. थोड्या उंचीपर्यंत दगड शुभ्र, तिथून वर काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा, इतका गुळगुळीत घोटलेला की लांबून फरक कळत नाही. आणि मग पुन्हा वर, घुमटाला, संगमरवर. जवळ गेलं की सांधा दिसतो. आत्यानं तो बोटानं दाखवला.

"काठ-पदर जरीचा, मधी सुती," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचा शालू असाच होता. बसलं की जरच दिसायची."

मला वाटतं मकबऱ्याबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठंही वाचलेलं नाही.

आत कबर खालच्या पातळीवर आहे. भोवती जाळीदार संगमरवरी कठडा, त्यावरून वाकून खाली बघायचं. कबरीवर दगड नाही, उघडी माती आहे. लोक वरून नाणी टाकतात. "पैसे काय नदीत टाकल्यागत टाकायलेत," आत्या पुटपुटली. बाई कशानं गेली ते तिनं विचारलं. मी सांगितलं, पाचव्या बाळंतपणानंतर महिन्याभरात. आत्या वाकूनच होती. मी दरवाजावरची ती नावं बघायला परत गेले. ती बरीच मागून आली.

ऊन उतरायला लागलं तसा गिलाव्याचा रंग बदलत गेला. आधी पिवळट, मग जुन्या हस्तिदंतासारखा. आम्ही पाण्याच्या लांब हौदाच्या कडेला बसून राहिलो. चौकीदार शिटी वाजवत आला तेव्हा उठलो.

रात्री मला नान-खलिया खायचा होता. मोहम्मद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली तेव्हा लष्कराला एकदम भरपूर शिजवता येईल असं हे जेवण त्याच्याबरोबर इकडं आलं, असं इथं सांगतात. मोठ्या देगेत मटणाचा लाल रस्सा, आणि भट्टीतून काढलेला हळदीच्या पिवळ्या रंगाचा, जाड, मऊ नान. आत्या माळकरी. "तू खा, मी त्या पायरीवर बसते," म्हणाली आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर पाठ फिरवून बसली. मी टेबलाशी एकटी. रस्सा तिखट नव्हता, तेल वर तरंगत होतं, नान बुडवला की अर्धा रस्सा पिऊन टाकायचा. पोट भरून साठ रुपये. हात धुऊन बाहेर आले तर आत्या पदराखाली दशमी खात होती. मला म्हणाली, "झालं का? तोंड पूस."

दुसऱ्या दिवशी वेरूळ. इथं मी माती खाल्ली. अजिंठा आणि वेरूळ आठवड्यातून एकेक दिवस बंद असतात. मी दरवर्षी वर्गाला सहलीआधी बजावून सांगते, आणि या वेळी स्वतःच उलटं धरलं. सोमवार टाळून मंगळवारी गेलो, तर सोमवारी अजिंठा बंद असतो. मंगळवारी बंद असतं ते वेरूळ. तीस किलोमीटर एसटीत उभ्यानं जाऊन आम्ही बंद फाटकासमोर उतरलो. चौतीस लेणी, त्यात कैलास, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलेला. मी एसटीत आत्याला हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. आता फाटकाला कुलूप आणि कुलपामागं मोकळा रस्ता.

मला रडू यायच्या बेतात होतं. आत्यानं एक दगड बघितला, बसली, आणि म्हणाली, "घृष्णेश्वर किती लांब हाय?"

अर्धा-पाऊण किलोमीटर. बारावं ज्योतिर्लिंग, अहिल्याबाईंच्या जीर्णोद्धाराचं, तांबूस दगडाचं देऊळ. गर्दी नव्हती. आत्यानं पिंडीला हात लावला, बाहेर येऊन सभामंडपात खांबाला टेकून बसली आणि तिथंच तिला दुपारची डुलकी लागली. मी तासभर खांबांवरचं कोरीवकाम बघत बसले. खर्च शून्य. कैलास राहिला ते राहिलाच.

परतीला शहरात लवकर आलो म्हणून इथल्या हिमरू शालींचं एक दुकान बघितलं. आत्या आत यायला तयार नव्हती. घ्यायचं नाही तर त्यांचा वेळ कशाला घ्यायचा, असं तिचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. पण दुकानदार दारातूनच म्हणाला, "आओ अम्मा, देखने का पैसा नक्को." त्यानं शाल उलगडली. आत्यानं चिमटीत धरून वरून बघितलं, मग उलटी केली.

"वरून रेशीम, खालून सूत," ती मला म्हणाली.

दुकानदाराला तेवढं मराठी कळलं. तो खूश झाला. किनखाब सोन्याचांदीच्या तारांचा, तो बादशहा-नवाबांना परवडायचा, हिमरू हे त्याचं परवडणारं रूप, असं तो सांगायला लागला. सूत ताण्याला, रेशीम नक्षीला. मी काल दुपारच्या मकबऱ्याकडं गेले मनानं. काठ-पदर जरीचा, मधी सुती. या शहराला ही कला जुनीच अवगत आहे आणि आपण मात्र येऊन "गरिबाचा" म्हणतो. शालीची किंमत मी विचारली. आमच्या दोन हजारात तिचा एक कोपरा आला असता. दुकानदारानं तरी चहा पाजला. आत्यानं त्यालाही तिळगूळ दिला.

बुधवारी पहाटे मी एकटीच लेण्यांना जाऊन आले. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली, शहराची स्वतःची बौद्ध लेणी, अजिंठा-वेरूळच्या नावाखाली झाकली गेलेली. पायऱ्या चढताना धाप लागते. सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रवाशांची आठ संकटं कोरली आहेत. आग, चोराची तलवार, बेड्या, बुडती नाव, सिंह, साप, हत्ती, राक्षस. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसं हात जोडून त्याच्याकडं बघतायत. त्या वेळच्या व्यापाऱ्यांना वाटेत एवढं भ्यायला होतं. माझ्या यादीत लॉजचा मॅनेजर, रिक्षाचं भाडं आणि कुलूपबंद फाटक. आत, बुद्धाच्या बाजूच्या भिंतीवर, सात बायका आहेत. एक नाचतेय, सहा जणी वाजवतायत. बासरी, झांजा, ढोल. नाचणारी मध्ये, तिची कंबर एका बाजूला गेलेली आणि एक हात पुढं. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. पहारेकऱ्यानं विचारलं, "मॅडम, रिसर्च करायलात का?" नाही म्हटलं. मग तो विश्वास न बसल्यासारखा बाहेर जाऊन बसला.

खाली येईपर्यंत आत्यानं पिशवी भरून ठेवली होती. ओली ओढणी खिडकीत वाळत घातलेली, रिकामे डबे घासून पुसून उपडे. नळाला पाणी नव्हतं. शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, लॉजवाले टँकर मागवतात, तेव्हा ती वीस रुपयांची बादली मला आता थोडी समजते. आत्यानं डबे बाटलीतल्या पाण्यानं घासले होते, अर्ध्या बाटलीत तीन डबे. मला ते या जन्मात जमणार नाही.

परतीच्या गाडीत दोघींना जागा मिळाली. सिडको स्टँड सुटलं तसा तिनं डोळे मिटले आणि मी वही काढली. लॉजचे हजार. बादल्या चाळीस. चहा, शेअर रिक्षा, तिकिटं, नान-खलिया, देवळातला नारळ, एसटीची माझी अर्धी तिकिटं. एकेक लिहीत गेले, पर्समधल्या नोटा मोजल्या, मग आत्याचा बटवा हळूच काढून घेतला आणि चिल्लर मांडीवर ओतली. नाणी, चार घड्या घातलेली शून्य रुपयांची तिकिटं, सुपारीचा तुकडा, मकबऱ्याचं तिकीट. दोनदा बेरीज केली. एक रुपया कमी येत होता.

एक रुपयानं काही होत नाही, पण मकबऱ्याच्या हिशेबात सात आणे लागले होते आणि माझा रुपया लागेना, याचं मला वाईट वाटायला लागलं. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.

"लागणार न्हाई," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "तो त्या बाईपाशी टाकला म्या. लेकरू महिन्याचं होतं म्हणालीस ना."

गाडी जालन्याच्या स्टँडात शिरत होती.